साथीच्या काळात परदेशी जायचं तर: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी नावं, तास आणि कागदांचा हिशेब

ऑक्टोबर २०२१. रात्रीचे दोन वाजलेले आणि फोन मुंबई विमानतळावरून. आमच्या गल्लीतले मामा-मामी मुलाकडं दुबईला निघाले होते. दोघांचे दोन्ही डोस झालेले, रिपोर्ट निगेटिव्ह, तिकीट कन्फर्म. काउंटरवरची मुलगी विचारत होती, पासपोर्टवर ‘बाळासाहेब’ आणि लसीच्या सर्टिफिकेटवर ‘बाळासो’, हा एकच माणूस कशावरून? मामा फोनवर ओरडत होते, “आरं, बाळासो म्हंजेच बाळासाहेब, आख्ख्या कोल्हापूरला म्हाईत हाय की!” कोल्हापूरला माहीत होतं, त्या मुलीच्या कॉम्प्युटरला नव्हतं. विमान मामांना न घेताच गेलं.

राजारामपुरीत माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत माझ्याकडचे जे प्रवासी मागे फिरले, त्यांत पॉझिटिव्ह निघालेला एखादाच. बाकी सगळे नाव, तारीख नाहीतर तास चुकल्यामुळं. आणि एकदा तर चूक माझीच होती, ती पुढं सांगतो.

आता हे कशाला, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपवली आणि आज बहुतेक देश कोरोनाचा कागद विचारत नाहीत, हे खरं. पण १४ ऑगस्ट २०२४ ला एमपॉक्ससाठी (आधीचं नाव मंकीपॉक्स) पुन्हा जागतिक आणीबाणी लागली होती. आफ्रिकेत कामाला जाणाऱ्यांना पीतज्वराचं (यलो फीव्हर) कार्ड आजही लागतं, हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची (मेनिंजायटिस) लस लागते. यातला रोग बदलतो. काउंटरवरचा कारभार मात्र तोच असतो. म्हणून कामाच्या क्रमानं सांगतो.

आधी रस्ता कागदावर काढा

सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिकडचा इमिग्रेशन अधिकारी येतो. प्रत्यक्षात तुमची पहिली सीमा मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच असते. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला स्वखर्चानं परत आणावं लागतं. त्यामुळं काउंटरवरची माणसं अधिकाऱ्यापेक्षा कडक वागतात. त्यांच्यासमोर ‘टिमॅटिक’ नावाची माहिती-यादी उघडी असते. ती आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेची. कुठला पासपोर्ट, कुठून कुठं, मधे कुठं थांबणार, हे भरलं की काय काय कागद हवेत ते तिथं दिसतं. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर प्रवाशालाही ती बघता येते. तुम्हीही तीच बघा. पाहुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नियम काउंटरवर चालत नाही.

एक वही घ्या. जायचा देश, मधे उतरायचे देश आणि परत येताना भारत, असे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात लस, तपासणी, फॉर्म, विलगीकरण आणि विमा यांचं काय ते लिहा. ज्या पानावर वाचलं त्याची प्रिंट काढा आणि त्यावर तारीख टाका. तारीख कशाला? २६ नोव्हेंबर २०२१ ला आपल्या सरकारनं जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू होणार. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोना विषाणूच्या नव्या प्रकाराला ‘ओमिक्रॉन’ नाव दिलं. आठवडा व्हायच्या आत तो निर्णय पुढं ढकलला गेला आणि विमानं सुरू झाली ती थेट २७ मार्च २०२२ ला. तेव्हा नियम तीनदा बघायचा: तिकीट काढताना, तपासणीच्या आदल्या दिवशी आणि घरातून निघताना.

मधल्या थांब्याचा रकाना लोक कोरा ठेवतात आणि नेमके तिथंच फसतात. दोन विमानं एकाच पीएनआरवर असतील तर सामान थेट शेवटच्या गावाला जातं आणि तुम्ही बहुधा विमानतळाच्या आतच राहता. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली, तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी बऱ्याचदा त्या मधल्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. मग त्याचा व्हिसा, त्याची लस, त्याची तपासणी, सगळं आलं. साथीच्या काळात चार-पाच हजारांसाठी वेगळी तिकिटं काढू नका. हे मी गिऱ्हाईक नाराज करून सांगत आलोय.

तिसऱ्या देशातून वळसा घालून जायचा मार्ग तर त्याहून बेभरवशाचा. २०२१ मध्ये आखाती देशांनी भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली, तेव्हा आपली माणसं नेपाळ, मालदीवसारख्या ठिकाणी १४ दिवस काढून पुढं जायची. एप्रिलअखेरीस नेपाळनंच ही वाट बंद केली. काठमांडूच्या हॉटेलात ज्यांचे दिवस पुरे व्हायचे होते, त्यांतल्या कित्येकांना ना पुढं जाता आलं, ना खर्च परत मिळाला.

नाव: पासपोर्टवर आहे तसं, तेवढंच

आता बाळासो. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं, हे घरोघरी आहे. बाळासो-बाळासाहेब, आण्णासो-अण्णासाहेब, शेवटी ‘बाई’ असलेलं-नसलेलं, ‘राव’ लावलेलं-न लावलेलं. बायकांच्या बाबतीत पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं. लस घेताना आपण खिशातलं आधार पुढं केलं आणि सर्टिफिकेट त्याच नावाचं निघालं. इथं कुणाला काही वाटत नाही, विमानतळावर मात्र तो वेगळा माणूस होतो.

म्हणून इथून पुढं परदेशासाठी कुठलीही लस घेताना किंवा तपासणी करताना पासपोर्टच ओळखपत्र म्हणून द्या. आधार खिशातून काढूच नका. स्पेलिंग पासपोर्टच्या पानावरून अक्षर-अक्षर वाचून दाखवा. Y कुठं आणि I कुठं, वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनावाच्या रकान्यात काय आहे, हे सगळं बघा. रिपोर्ट हातात पडला की लॅबच्या दारातच नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर ताडून बघा. तिथं दुरुस्तीला पाच मिनिटं लागतात, घरी आल्यावर अर्धा दिवस.

जन्मतारखेचंही तसंच. कोविनच्या सर्टिफिकेटवर सुरुवातीला फक्त वय यायचं. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटननं कोविशील्ड मान्य केली, पण आपलं सर्टिफिकेट मानायला तयार होईना. ४ ऑक्टोबरपासून आपणही ब्रिटिश नागरिकांवर तसेच नियम लावले आणि आठवड्याभरात, ११ ऑक्टोबरपासून, ब्रिटननं माघार घेतली. त्या भानगडीत परदेशी जाणाऱ्यांच्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख छापायची सोय झाली. लस तीच, टोचलेला हातही तोच, अडलं होतं ते कागदावरच्या एका ओळीसाठी.

बाळासो मामांचं काम पुढं पाच दिवसांत झालं. कोविनवर नाव दुरुस्त केलं, पासपोर्ट नंबर जोडला, नव्यानं तपासणी केली आणि तिकिटाचा फरक भरला. मामी अजून सांगतात की त्या रात्री विमानतळावर त्यांनी शिदोरीतल्या दशम्या खाल्ल्या आणि मामांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

पासपोर्टवरचंच नाव चुकीचं असेल तर साथीची वाट बघू नका. आपलं काम पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं आणि गर्दीच्या काळात अपॉइंटमेंटच मिळत नाही. मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर तेही आत्ताच करून घ्या.

लस: कुठली, कधी आणि किती दिवस आधी

इथं तीन गोष्टी बघायच्या. तुमची लस त्या देशाच्या यादीत आहे का, शेवटचा डोस होऊन किती दिवस झाले पाहिजेत आणि सर्टिफिकेटची मुदत किती. बहुतेक देश ‘शेवटच्या डोसनंतर १४ दिवस’ धरायचे. चौदावा दिवस मोजायचा की पंधरावा, यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन दिवस जास्तच सोडा.

यादीचा फटका बसला तो कोव्हॅक्सिनवाल्यांना. देशात लस चालत होती, पण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली ३ नोव्हेंबर २०२१ ला. तोवर कित्येक देशांच्या लेखी या माणसांनी लस घेतलेलीच नव्हती. उलट कोविशील्डवाल्यांची अडचण वेगळी होती. दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर आणि विद्यापीठ ऑगस्टला सुरू. म्हणून जून २०२१ मध्ये शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची सवलत मिळाली. प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र दाखवावं लागायचं. अशी सवलत असते हे अनेकांना कळतच नाही. तुमच्याकडं खरं कारण असेल तर जिल्हा आरोग्य यंत्रणेला लेखी विचारा.

तास मोजायची रीत

ही माझी चूक. एका मुलाचं विमान होतं, नियम ‘७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर’. मी रिपोर्ट मिळाल्याच्या वेळेपासून ७२ तास मोजले. मोजायचे होते ते स्वॅब घेतल्याच्या वेळेपासून. रिपोर्ट यायला एक दिवस लागला होता, म्हणजे काउंटरवर पोचेपर्यंत मुदत संपलेली. त्याचं तिकीट मी माझ्या खिशातून बदलून दिलं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक कोरा कागद असतो. मोजणी उलटी करायची, विमानापासून मागं. उदाहरण घ्या. विमान रविवारी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी. नियम निघण्याआधी ७२ तास. म्हणजे गुरुवारी पहाटे ४:१० च्या आधी दिलेला स्वॅब बाद. गुरुवारी सकाळी लॅब उघडली की पहिल्या नंबरला स्वॅब द्या. रिपोर्ट शुक्रवारी दुपारपर्यंत हातात आला, तर शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा आणि शनिवारी सकाळी मुंबईला उतरा. शनिवार रात्रीची महालक्ष्मी घ्यायची असं मनात असेल तर विसरा, ती मुंबईला पोचेपर्यंत तुमचं विमान गेलेलं असतं. पहाटेच्या विमानाला ही चूक हमखास होते. तिकिटावर ‘रविवार ००:४०’ असेल तर ती शनिवारची रात्र. हे मी आजही पेनानं गोल करून देतो.

नियम ४८ तासांचा असेल तर हिशेबच बदलतो. वरच्याच विमानासाठी स्वॅब शुक्रवारी पहाटेनंतरचा हवा. कोल्हापुरात शुक्रवारी सकाळी दिला तर रिपोर्ट यायची वेळ आणि गाडी सुटायची वेळ एकमेकांच्या अंगावर येते. अशा वेळी इथं तपासणी करूच नका. गुरुवारी रात्री निघा, शुक्रवारी मुंबईत स्वॅब द्या, नातेवाइकांकडं किंवा लॉजवर थांबा. दोन दिवसांचा खर्च वाढतो, पण मनाला घोर नाही.

‘कधीपासून मोजायचे’ याचे तीन अर्थ असतात: निघण्याच्या वेळेआधी, तिकडं उतरण्याच्या वेळेआधी किंवा फक्त दिवस. अमेरिकेनं डिसेंबर २०२१ पासून ‘निघण्याआधी एक दिवस’ असा नियम केला होता, त्यात तास नव्हते, तारीख होती. दोन विमानं असतील तर पहिल्याच्या वेळेपासून की शेवटच्याच्या, हेही वाचा. उतरण्याच्या वेळेचा नियम असेल तर विमानाला उशीर होण्याचे चार-पाच तास हाताशी ठेवा.

दुबईसाठी तर दोन तपासण्या असायच्या. एक आधीची आणि एक मुंबई विमानतळावरची रॅपिड पीसीआर, विमानाच्या आधी सुरुवातीला चार तासांच्या आत आणि पुढं सहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद झाली. तिथं पॉझिटिव्ह आलं की बॅगा घेऊन परत फिरायचं. म्हणून मी लोकांना सांगायचो, परतीच्या गाडीचे पैसे वेगळे ठेवा आणि घरी जेवण करून निरोप घेताना फार रडारड करू नका, उद्या परत याल.

रिपोर्टवर काय हवं ते लॅबला आधी सांगा: पासपोर्ट नंबर, स्वॅबची तारीख आणि वेळ, रिपोर्टची वेळ, तपासणीचं पूर्ण नाव, क्यूआर कोड, सगळं इंग्रजीत. क्यूआर कोड आपल्या मोबाइलवर उघडून बघा. तो उघडत नसेल तर तो रिपोर्ट काउंटरवर नुसता कागद ठरतो.

आणि नुकतेच बरे झालेले असाल तर सावध. आजार गेल्यावरही काही आठवडे आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतो. काही देश त्यासाठी जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं बरं झाल्याचं पत्र मान्य करायचे. अमेरिकेत ही मुदत ९० दिवसांची होती. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट रागानं फाडून टाकू नका.

फॉर्म आणि फाइल

भारतात येताना ‘एअर सुविधा’वर स्वयंघोषणा भरावी लागायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून चीन, जपान, थायलंड अशा सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी काही आठवडे परत आली. असे सरकारी फॉर्म बहुतेक फुकट असतात. गुगलवर शोधलं की वरती पैसे मागणाऱ्या साइट येतात, त्या टाळा आणि दूतावासाच्या पानावरच्या लिंकनंच आत जा. फॉर्म भरून झाल्यावर येणारी पोचपावती हीच खरी वस्तू. ती आली नाही तर फॉर्म भरलाच नाही असं समजा.

मोबाइलवर सगळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विमानतळावर चार्जिंग संपतं आणि तिकडं उतरल्यावर सिम चालत नाही. प्लॅस्टिकच्या एका पारदर्शक फाइलमध्ये विचारतात त्या क्रमानं कागद लावा: पासपोर्ट, तिकीट, व्हिसा, लस, रिपोर्ट, फॉर्मची पावती, विमा, तिकडचा पत्ता. प्रत्येकाच्या दोन प्रती. घरातल्या चौघांचे कागद एकाच फाइलमध्ये कोंबू नका, प्रत्येकाची फाइल वेगळी. रोजच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवा, गोळीच्या मूळ औषधी नावासकट. आपल्याकडं सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या, आखातात नियंत्रित आहेत.

विमा घेताना एकच प्रश्न विचारा: तिकडं पॉझिटिव्ह आलो आणि हॉटेलात अडकलो तर राहण्याचा खर्च मिळणार का? दवाखान्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत असतो, विलगीकरणाचा नसतो. उत्तर ईमेलवर घ्या.

काउंटरवर अडवलं तर

विमानाआधी चार तास पोचा, साथीत सहा. अडवलं तर आवाज चढवू नका, रांगेतली मागची माणसंही तुमच्या विरोधात जातात. शांतपणे विचारा, कुठला नियम कमी पडतोय ते टिमॅटिकवर दाखवा. तुमच्याकडं तारखेसह प्रिंट असेल तर ती पुढं करा आणि सुपरवायझरला बोलवायला सांगा. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथं सुटतात, कारण समोरच्यानं कालचा नियम वाचलेला असतो. नाहीच सुटलं तर विमान सुटायच्या आत तारीख बदलून घ्या. विमान गेल्यावर तुम्ही ‘आलाच नाहीत’ अशी नोंद होते आणि बऱ्याच तिकिटांचे पैसे त्या क्षणी बुडतात. नाकारल्याचं कारण लेखी किंवा ईमेलवर मागा, विम्याला ते लागतं.

पीतज्वर आणि हज: आजही लागू

आपल्या भागातली साखर कारखान्यांत तयार झालेली माणसं केनिया, युगांडा, इथिओपियातल्या कारखान्यांत कामाला जातात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलीही जातात. त्यांना पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं पुस्तक लागतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर आहे. आपल्याला पुणे किंवा मुंबई गाठावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारीच लस देतात, आधी नाव नोंदवून जा. सर्टिफिकेट लागू होतं १० दिवसांनी, त्यामुळं शुक्रवारी व्हिसा आला आणि सोमवारी विमान, असं जमत नाही. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, आधी दहा वर्षांनी पुन्हा घ्यावं लागायचं. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी असणं, गरोदरपण किंवा वय साठच्या पुढं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

भारत या बाबतीत फार कडक आहे आणि त्याला कारण आहे. पीतज्वर आपल्याकडं नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे, डेंग्यूचा तोच. पीतज्वर असलेल्या देशातून सर्टिफिकेटशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अदिस अबाबासारख्या ठिकाणी फक्त विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही, तर आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो. पण तो निर्णय त्याचा. आमच्या एका फिटरदादांनी पुस्तक चेक-इन केलेल्या बॅगेत टाकलं होतं. आरोग्य तपासणीचं टेबल इमिग्रेशनच्या आधी येतं आणि बॅग त्यानंतर. ते दोन तास खुर्चीवर बसून होते.

हजसाठी सौदी सरकार मेंदूज्वराच्या चार प्रकारांवरची लस मागतं, पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. लसीच्या प्रकारानुसार सर्टिफिकेट तीन किंवा पाच वर्षं चालतं, म्हणून कुठला प्रकार टोचला ते त्यावर लिहून घ्या. नाही लिहिलं तर तीनच वर्षं धरून चाला.

पिवळं पुस्तक पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, रबर लावून. फिटरदादांनी आता ते पासपोर्टला सुतळीनं बांधलंय.